वाहनांचा स्फोट : खेळांतला आणि गोदींतला

मुलुंडच्या आमच्या घरीं परवां भाचा संगणकावर 'फॉलआउट 3' नांवाचा खेळ खेळत होता. अणुयुद्धानें उजाड झालेलें नगर, रस्त्यांत गंजलेल्या मोटारी. आणि एकीवर चार गोळ्या झाडतांच छत्रीसारखा धूर उठवून तिचा स्फोट! "मामा, असें खरोखर होईल का?" त्यानें विचारलें.

शास्त्र याला अनुकूल नाहीं. पेट्रोलची वाफ हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात या प्रमाणांत असेल तरच भडकते. बंद टांकींत ती इतकी दाट असते कीं, पेटण्यापुरती हवा तिला मिळतच नाहीं. गोळीनें टांकीस भोंक पडलें तर तेल गळेल, ठिणगी मिळाल्यास पेटेलहि; पण मोटार सहसा फुटणार नाहीं. खेळांतल्या मोटारी अणुशक्तीवर चालतात, हें खरें. परंतु वीज उत्पन्न करणाऱ्या अणुभट्ट्यांतलें युरेनियम सामान्यतः शेंकडा तीन ते पांच इतकेंच समृद्ध असतें. त्याचा बाँब होत नाहीं.

मग वाहन फुटतच नाहीं काय? फुटतें, पण पोटांत काय भरलें आहे, त्यावर तें अवलंबून. मुंबईनें हें 14 एप्रिल 1944 रोजीं पाहिलें. 'फोर्ट स्टिकिन' ही बोट व्हिक्टोरिया गोदींत उभी होती. तिच्यांत सुमारें 1,400 टन स्फोटक द्रव्यें होतीं, आणि वाटेंत कराचीस कापसाच्या सुमारें 8,700 गाठी तिच्यावर चढविल्या होत्या. कापूस आणि दारूगोळा! युद्धाची निकड मान्य केली तरी ही सोयरीक मनाला पटत नाहीं.

दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिला स्फोट झाला 4 वाजून 6 मिनिटांनीं. हे दोन तास खेळांत कोठेंच नसतात. तेवढ्या वेळांत बोटींत 900 टनांहून अधिक पाणी ओतलें गेलें, पण दाट धुरांत आगीचें मूळ सांपडेना. 3 वाजून 50 मिनिटांनीं बोट सोडण्याचा हुकूम सुटला. सोळा मिनिटांनीं तिचे दोन तुकडे झाले, आणि बारा किलोमीटरांपर्यंतच्या कांचा फुटल्या. अर्ध्या तासाच्या आंत दुसरा स्फोट झाला. आकाशांतून पडलेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट मुंबईकर आवडीनें सांगतात. त्या दिवशीं मेलेल्या 66 बंबवाल्यांची तितकी नाहीं.

भाच्यानें खेळ थांबविला. "आंत काय आहे, तें बाहेरून कळत नव्हतें का?"

स्फोटकें वाहणाऱ्या बोटीनें तांबडा बावटा लावावयाचा असतो. 'फोर्ट स्टिकिन'वर तो नव्हता.