मोटारीचा विमा आणि रस्त्यावरचा तिऱ्हाईत

मोटारीचा विमा हा इतिहासाचा विषय आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वर्षाच्या ठरावीक तारखेला एक रक्कम भरावी लागते, ती मागल्या वर्षापेक्षा थोडी वाढलेली असते आणि ती भरताना मनुष्य कुरकुरतो, एवढाच बहुतेकांचा या विषयाशी परिचय असतो. बंगळूरसारख्या शहरात ही कुरकुर विशेष ऐकू येते. महाराष्ट्रातून बदलीवर किंवा नोकरीनिमित्त येथे आलेली मंडळी म्हणतात, "आमची गाडी वर्षभरात फिरते किती? निम्मा वेळ तर ती सिल्क बोर्डाच्या चौकात उभीच असते. मग एवढा हप्ता कशासाठी?" ही तक्रार अगदीच निराधार नाही. २०२२ सालच्या एका जागतिक पाहणीत, बंगळूरच्या मध्यभागी दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागतात, असे आढळून आले होते. उभ्या असलेल्या गाडीला धोका तो काय, असे कोणी विचारले तर त्याला हसून वाटेला लावता येत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर हप्ता म्हणजे काय आणि तो कोणासाठी घेतला जातो, हे पाहावे लागते. आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

विमा ही कल्पना आपल्याकडे मोटारीच्या पुष्कळ आधी नांदत होती. हा शब्दच फारसीतून आलेला आहे. आपल्या सराफी पेढ्यांवर 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार चालत असे. माल धाडणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि सराफ ती विकत घेई. पण माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे मिळावयाचे. गलबत बुडाले किंवा वाटेत माल लुटला गेला, तर ती हानी सराफाच्या माथी बसे. अर्थात ही जोखीम जमेस धरूनच तो हुंडीची किंमत ठरवी. येथे धोका मालाचा होता, माल ज्याचा त्याने तो दुसऱ्यावर सोपविला होता, आणि व्यवहार उभयतांच्या राजीखुशीचा होता. ज्याला नको असेल त्याने विमा उतरू नये. नुकसान झाले तर त्याचे त्याने सोसावे.

मोटार आली आणि हा साधा हिशेब बिघडला. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कोल नावाची एक स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीखाली प्राणास मुकलेली ती इंग्लंडातील पहिली पादचारी म्हणून ओळखली जाते. अशा प्रसंगी मोटारीच्या धन्याचे नुकसान म्हणजे फार तर एखादा चेपलेला पत्रा. खरे नुकसान होते ते अशा माणसाचे, की ज्याचा त्या मोटारीशी कसलाही संबंध नव्हता. त्याने हप्ता भरलेला नसतो, करारावर सही केलेली नसते. तो केवळ रस्त्याने चाललेला असतो. विम्याच्या परिभाषेत यालाच 'तिऱ्हाईत' म्हणतात, आणि मोटारविम्याचा सारा इतिहास या तिऱ्हाइताभोवती फिरतो.

हिंदुस्थानात १८५५ सालचा प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा होता. दुसऱ्याच्या दोषामुळे कोणी दगावला तर त्याच्या कुटुंबियांना भरपाई मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला होता. परंतु हक्क असणे वेगळे आणि पैसा हाती पडणे वेगळे. विधवेने दिवाणी कोर्टात दावा लावावा, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा, वर्षानुवर्षे खेटे घालावेत. आणि अखेरीस हुकूमनामा मिळाला तर असे दिसून यावे, की लॉरीच्या मालकाजवळ कर्जाने घेतलेल्या लॉरीखेरीज दुसरे काहीच नाही! असा हुकूमनामा केवळ कागदावर राही.

इतर देशांतही हाच अनुभव येत होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या राज्याने १९२७ पासून मोटारमालकावर विम्याची सक्ती केली. इंग्लंडात १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा अनिवार्य झाला. हिंदुस्थान सरकारनेही या प्रश्नाच्या विचारासाठी एक समिती नेमली आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आठवे प्रकरण याच विषयासाठी घातले गेले. कायदा त्याच वर्षी अमलात आला. पण हे आठवे प्रकरण मात्र मुद्दाम पुढे ढकलले गेले. मालकांना आणि विमा कंपन्यांना तयारीस अवधी द्यावयाचा होता. तेवढ्यात महायुद्ध पेटले, आणि सक्ती प्रत्यक्षात आली ती १ जुलै १९४६ रोजी. त्या दिवसापासून विम्यावाचून मोटार रस्त्यावर आणणे हा गुन्हा ठरला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मालकाविरुद्ध झालेला हुकूमनामा पुरा करण्याची जबाबदारी कायद्याने थेट विमा कंपनीवर टाकली. करार मालक आणि कंपनी यांच्यातला, पण त्याचे फळ तिसऱ्याला, ही रचना त्या काळी नवीनच होती.

विमा ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार बंगळूरला मात्र अपरिचित नव्हता. म्हैसूर संस्थानाने १८९१ मध्येच आपल्या नोकरांच्या आयुर्विम्यासाठी सरकारी खाते उघडले होते. कर्नाटक सरकारचे विमा खाते म्हणून ते आजही चालू आहे, आणि सरकारी मोटारींचा विमा उतरविण्याची शाखाही त्याला पुढे जोडली गेली.

स्वातंत्र्यानंतर या कथेत एक महाराष्ट्रीय नाव येते. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरूनच देशाला सांगितले, की आयुर्विम्याचा धंदा सरकारने आपल्या हाती घेतला आहे. देशी-विदेशी मिळून २४५ संस्था त्यातून आयुर्विमा महामंडळात विलीन झाल्या. आग, समुद्र, मोटार यांचा विमा मात्र त्यावेळी खाजगी कंपन्यांकडेच राहू दिला गेला. त्याच वर्षी मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. या दुसऱ्या घटनेचा गाजावाजा फारसा झाला नाही. पण दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ती लहान नव्हती. पुढे १९८२ मध्ये आणखी एक पाऊल पडले. कोणाचा दोष आहे हे ठरण्याची वाट न पाहता मृताच्या वारसांना पंधरा हजार आणि कायमचे पंगुत्व आलेल्यास साडेसात हजार रुपये द्यावेत, असा नियम झाला. आज या रकमा किरकोळ वाटतील, पण त्यामागचे तत्त्व किरकोळ नव्हते. रस्त्यावर यंत्र आणणाऱ्याने त्याच्या धोक्याचाही भार उचलला पाहिजे, असे कायदा प्रथमच दोषादोष बाजूस ठेवून म्हणत होता.

मधल्या काळात सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण झाले. मे १९७१ मध्ये सरकारने कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांच्या जागी चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. मुंबईत १९१९ साली दोराबजी टाटांनी स्थापिलेली न्यू इंडिया ही त्यांपैकी एक. दर ठरविण्यासाठी एक सल्लागार समिती होती, आणि साऱ्या देशाला एकच दरपत्रक लागू असे. कोणत्याही कंपनीच्या कचेरीत जा, हप्ता तोच. त्यामुळे स्वस्त विमा शोधण्याचा उद्योग त्या काळी संभवतच नव्हता.

या दरपत्रकात शहरी माणसाला थोडा अधिक भार होता. खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग पाडलेले होते. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे 'अ' विभागात. उरलेला सारा देश 'ब' विभागात. म्हणजे पुण्याचा मनुष्य बंगळूरला आला तर त्याला फरक नाही. पण बेळगाव किंवा कोल्हापूर सोडून आलेल्याला आहे. तो किती? २००२ च्या दरपत्रकाप्रमाणे मध्यम इंजिनाच्या नव्या मोटारीला 'अ' विभागात किमतीच्या ३.२८३ टक्के आणि 'ब' विभागात ३.१९१ टक्के हप्ता पडे. पाच लाखांच्या गाडीवर हा फरक ४६० रुपयांचा होतो. शहरात राहण्याचा दंड म्हणून ज्याचा बोभाटा होतो, तो मुळात एवढाच.

१९९९ च्या कायद्याने विम्याचा धंदा पुन्हा खाजगी कंपन्यांना खुला झाला, आणि १ जानेवारी २००७ पासून दरपत्रकाची बेडीही निघाली. पण ती अर्धीच निघाली, आणि ही गोष्ट प्रत्येक मोटारधन्याने समजून घेण्याजोगी आहे. विमापत्राचे दोन भाग असतात. एक तिऱ्हाइताच्या जोखमीचा. तो सक्तीचा असून त्याचा दर आजही सरकारच ठरविते. २०२२ च्या अधिसूचनेने खाजगी मोटारीसाठी तो इंजिनाच्या शक्तीप्रमाणे २०९४, ३४१६ आणि ७८९७ रुपये असा ठरविला, आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींना त्यात पंधरा टक्के सूट दिली. या भागात कोणतीही कंपनी दुसरीहून स्वस्त असू शकत नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे, आणि चढाओढ चालते ती तेथेच. तेव्हा काटकसर करावयाची तर या दुसऱ्या भागातच करावी लागते.

तिचे मार्ग जुन्या दरपत्रकातच घालून दिलेले आहेत. ज्याने वर्षभरात भरपाई मागितली नाही, त्याला पुढील वर्षी वीस टक्के सूट. ती क्रमाक्रमाने वाढत पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेतली तरी ती आपल्याबरोबर येते. मात्र विम्याची मुदत संपल्यावर नव्वद दिवस उलटू दिले, तर ती बुडते. समजा, एखाद्याचा या भागाचा हप्ता बारा हजारांचा आहे आणि सुटीमुळे तो सहा हजारच भरतो. चौकात कोणाच्या धक्क्याने दार चेपले आणि दुरुस्तीस चार हजार लागले. ते त्याने कंपनीकडून वसूल केले तर पुढील वर्षी सहा हजारांची सूट गेली! ज्या शहरात ओरखडे रोजचेच, तेथे हा हिशेब ज्याचा त्याने करावा. नुकसानीचा पहिला काही भाग आपण स्वतः सोसू असे लिहून दिले तरीही हप्ता उतरतो.

पण काटकसरीची एक खोटी वाटही आहे. हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची किंमत कमी लावून घेणारे पुष्कळ असतात. गाडी चोरीस गेली म्हणजे तीच कमी किंमत हाती पडते. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या बेळ्ळंदूर आणि बाह्य वळणरस्त्याच्या भागात पुराचे पाणी शिरले आणि तळघरांत ठेवलेल्या मोटारी बुडाल्या. साध्या विमापत्रात पुराची हानी धरलेली असते. परंतु पाण्यात उभी असलेली गाडी चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाले, तर ती भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. तळ्यांच्या काठी वसलेल्या शहरात काय गाळावे आणि काय ठेवावे, याचा विचार नुसत्या दराकडे पाहून होत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. उभ्या गाडीचा हप्ता कशासाठी? जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने, गाडी किती चालते आणि कशी चालविली जाते यावरून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ठरविण्यास कंपन्यांना परवानगी दिली. कमी फिरणाऱ्या शहरी माणसाची तक्रार येथवर मान्य झाली आहे, आणि ज्याची गाडी खरोखरच कमी चालते त्याने या सवलतीची चौकशी अवश्य करावी. परंतु तिऱ्हाइताच्या हप्त्यास ती लागू नाही. वर्षभर उभी असलेली गाडी ज्या एका सकाळी निघते, त्याच सकाळी कोणी तिच्यापुढे येऊ शकतो; आणि त्याच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई किती द्यावी यास कायद्याने विमापत्रात मर्यादा घातलेली नाही.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि सरकारी अंदाजाप्रमाणे देशातील निम्म्याच्या आसपास वाहने विम्यावाचून धावतात. यांत दुचाक्यांचा भरणा मोठा आहे. दोन हजार रुपयांच्या दंडाची तरतूद २०१९ पासून आहे. नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा तिऱ्हाईत विमा एकदमच उतरावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१८ पासून ठरले आहे. तरी ती मुदत संपली, की पुष्कळांचा विमाही संपतो. अशा वाहनाखाली सापडलेल्याचे कुटुंब १९४६ च्या पूर्वीच्या स्थितीत जाऊन पडते. हुकूमनामा मिळतो, वसूल काहीच होत नाही.

स्वतःच्या गाडीच्या विम्यात मनुष्याने हवी तेवढी घासाघीस करावी. तो त्याचा हक्क आहे. दर ताडून पाहावेत, सूट सांभाळावी, नको ती जोड गाळावी. पण सक्तीचा जो लहानसा भाग आहे, त्याकडे गाडीचा खर्च म्हणून पाहणे बरोबर नाही. तो पैसा आपल्या गाडीसाठी घेतलेला नाही. संध्याकाळच्या गर्दीत वाहने थांबण्याची वाट पाहत कडेला उभ्या असलेल्या माणसासाठी तो घेतलेला आहे, आणि तो माणूस कोण हे आपणास ठाऊक नसते. शिवाय मोटार घरी ठेवून आपण ज्या दिवशी पायी निघतो, त्या दिवशी त्याच्या जागी आपणच असतो.