इंदूरच्या राजवाड्यापुढील चौक

इंदुरास प्रथम येणाऱ्या पाहुण्याला त्याचे यजमान दुसऱ्या दिवशी न चुकता राजवाड्यापुढे नेऊन उभे करतात. आम्हांलाही पूर्वी एकदा असेच उभे करण्यात आले होते. सात मजली दरवाज्याकडे बोट दाखवून आमचे वृद्ध यजमान म्हणाले होते, "हे आपल्या पराक्रमाचे स्मारक, बरं का!" त्या वेळी आम्ही मान डोलाविली. यंदा पुन्हा इंदुरास जाण्याचा योग आला, तेव्हा वाडा पाहण्यापेक्षा त्याच्या पुढचा चौकच सावकाश पाहावा अशा हेतूने आम्ही दोन सकाळी आणि एक रात्र तेथे घालविली. आणि यजमानांचे ते वाक्य आमच्या मनात पूर्वीसारखे सुखाने नांदेना.

चौकाचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. पुढे आलेले झरोके, भव्य दरवाजा, समोर बाग आणि बागेत देवी अहिल्याबाईंचा पुतळा. जवळच कृष्णाबाईंनी १८३२ साली बांधविलेले गोपाळमंदिर, एका अंगास खजुरी बाजार, मागच्या बाजूस सराफा. थोडे चालून गेले की कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात. या शिल्पात मराठी, मोगल आणि फ्रेंच अशा तिन्ही शैलींचा संगम आहे असे मार्गदर्शक सांगतात. यांपैकी फ्रेंच अंश नेमका कोठे आहे, हे मात्र कोणी बोट ठेवून दाखविल्याचे आम्हांस स्मरत नाही. आमच्या दृष्टीस तर वरचे चार मजले पुण्याच्या एखाद्या वाड्याचेच भाऊबंद वाटले; माळव्याच्या दगडावर दख्खनचे लाकूड चढवावे तसे.

वाड्याच्या बांधकामास सुरुवात झाली ती १७४७ च्या सुमारास, मल्हारराव होळकरांच्या हयातीत. त्यापूर्वी इंदूर नव्हते असे नाही. नदीच्या काठचे जुने इंदूर, तेथील इंद्रेश्वराचे देऊळ आणि राव नंदलाल मंडलोई यांच्यासारख्या जमीनदारांनी वसविलेला व्यापार, हे सर्व आधीचे होय. बाजार होता म्हणून वाडा तेथे आला, असे म्हटल्यास चूक होणार नाही. परंतु मल्हाररावांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले आणि त्यांनी देह ठेवला तो आलमपूर येथे, १७६६ साली. त्यांच्यामागे ज्यांनी जवळजवळ तीस वर्षे दौलत सांभाळली, त्या अहिल्याबाईंनी राजधानी केली ती नर्मदातीरी महेश्वरास. ज्यांचा पुतळा आज चौकाच्या मधोमध आहे, त्यांचे राज्य या चौकातून चाललेच नाही! यशवंतरावांचे ठाणे पुढे भानपुऱ्यास होते आणि तेथेच १८११ साली ते निवर्तले. वाडा बांधावयास घेतल्यापासून सत्तर वर्षांपर्यंत इंदूर हे होळकरांचे मोठे ठाणे होते, भरभराटीचा बाजार होता; परंतु ज्याला राजधानीचा चौक म्हणता येईल असे त्याचे स्वरूप नव्हते.

ते स्वरूप त्याला आले कशाने? येथेच आमच्या यजमानांच्या वाक्याशी आमचा मतभेद सुरू होतो. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला. पुढे सोळाच दिवसांनी, म्हणजे ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरचा तह झाला. गादीवर दुसरे मल्हारराव, वयाने पोरसवदा. कारभार विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांच्या हाती. फौज आवरली, मुलूख गेला, महू येथे इंग्रजांची छावणी बसली, आणि उरलेल्या राज्याची राजधानी म्हणून इंदूर ठरले. तात्या जोगांनी मोडकळीस आलेला वाडा पुन्हा उभा केला, सावकारांना बोलाविले, पेठांना धीर दिला. स्वारीवर जाण्याची सोय उरली नव्हती. तेव्हा दरबाराने घरी बसून शहर वाढविले. वाड्याचा पाया मल्हाररावांच्या विजयांच्या काळातला असेल, चौक मात्र महिदपुराच्या पराभवातून जन्मला आहे. यात लाज वाटण्याजोगे आम्हांस काही दिसत नाही. हरलेल्या राज्याच्या एका कारभाऱ्याने तलवार म्यान झाल्यावर बाजार मांडून दाखविला, ही गोष्ट पराक्रमाच्या सदरात बसत नसेल, पण तीच आज दोनशे वर्षे टिकून राहिली आहे.

वाडा मोडकळीस का आला होता, हे आता सांगितले पाहिजे, आणि ते सांगताना मराठी लेखणी अडखळते. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यास दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. त्यापूर्वीच, १७९७ साली, त्यांचे बंधू मल्हारराव शिंद्यांच्या सैन्याकडून मारले गेले होते. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनीस शिंद्यांच्या फौजेचा मोड करून शहराकडून जबर खंडणी उकळली. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले. शहर लुटले गेले आणि वाड्याला आग लागली. उज्जैन ते इंदूर हे अंतर केवढे! दोन दिवसांच्या वाटेवरच्या दोन मराठी राजधान्या एकाच पावसाळ्याच्या दोन टोकांना एकमेकींच्या हातून नागविल्या गेल्या.

दुसरी आग १८३४ ची. तीत एक मजला जळाला. लाकडी वाड्यांच्या नशिबी असे भोग असतातच. पुण्याचा शनिवारवाडा त्यापूर्वीच, १८२८ साली, जळून गेला होता.

तिसरी आग आमच्या पिढीने पाहिली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर नोव्हेंबर १९८४ च्या आरंभी अनेक शहरांप्रमाणे इंदुरातही शिखांची घरे आणि दुकाने पेटविण्यात आली, आणि त्याच वणव्यात राजवाड्याचा मागील भाग भस्मसात झाला. वाड्याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्या दिवसांत ज्यांची माणसे गेली त्यांच्याबद्दल त्याच आवाजात बोलणारे आम्हांस कमी भेटले, ही नोंद येथे करून ठेवणे भाग आहे. वाडा पुढे पुन्हा बांधता आला. बरीच वर्षे दर्शनी दरवाजा उभा आणि मागे पोकळी अशी स्थिती राहिल्यावर, २००६ च्या सुमारास उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने जुन्याच पद्धतीने, वीट, चुना आणि लाकूड वापरून, पडलेला भाग उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. आतील मल्हारी मार्तंडाचे देऊळही पुन्हा नांदते झाले. नवे काम जुन्याची नक्कल आहे, म्हणून नाक मुरडणारे काही जाणकार आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. १८१८ नंतर तात्या जोगांनी जे केले तेही असेच पुन्हा बांधणे होते. त्याला आज आपण अस्सल म्हणतो.

या तीन आगींत इंग्रजाचा हात एकाही आगीत नाही. १ जुलै १८५७ रोजी सादतखानाच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला, रेसिडेन्सीचा कारभार पाहणारा ड्युरँड सिहोरास पळाला, पुढे सूडाचे खटले चालले आणि फाशीही झाली. परंतु वाड्याची वीट हलली नाही. या चौकाचे जे जे नुकसान झाले ते आपल्यांकडून अथवा आपल्याच शेजाऱ्यांकडून झाले. परकीयांनी केलेल्या विध्वंसाचे पोवाडे गाणाऱ्या आम्हां लोकांना हा हिशेब सोयीचा नाही.

एका परकीयाची आठवण मात्र येथे काढली पाहिजे, कारण चौकातल्या गर्दीचा उपयोग त्याच्याइतका कल्पकतेने क्वचितच कोणी केला असेल. १९१७-१८ साली तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला पाचारण केले. शहरात प्लेगचे भय होते. गेडिसने दिवाळीची मिरवणूक योजिली, तिचा मार्ग मात्र नेहमीचा ठेवला नाही: जो मोहल्ला घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ करील, त्याच्या दारावरून मिरवणूक जाईल, असे जाहीर केले. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा महाकाय उंदीर मिरवीत नेऊन शेवटी जाळण्यात आले. हुकूम न काढता, दंड न करता, झाडू घरोघर फिरला. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. त्याचे श्रेय आजच्या नगरपालिकेला आणि सफाई कामगारांनाच आहे, तरी त्या उंदराची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही.

मराठी वाचकाला येथे आणखी एक प्रश्न पडेल: या चौकात मराठी कितपत ऐकू येते? साहित्य संमेलने इंदुरास १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा भरली. कमलाबाई किबे यांच्यासारख्या लेखिका येथल्याच. पण चौकाची भाषा माळवी आणि हिंदी आहे, आणि ती तशीच असावयाची. रामबागेतली मराठी घरे बाहेर पडली की हिंदी बोलतात आणि त्या हिंदीत 'आई', 'काका', 'वाडा' हे शब्द बिनबोभाट वावरतात. रंगपंचमीची गेर याच चौकातून जाते. तिच्यात रंगलेल्या माणसाचा पूर्वज वाफगावचा की रतलामचा, हे ओळखून काढणे कोणासही शक्य नाही.

शेवटची रात्र आम्ही सराफ्यात काढली. आठ वाजल्यानंतर एकेक पेढी बंद होऊ लागली. जेथे दिवसभर तोळ्यामाशाचा व्यवहार चालला होता त्याच पायऱ्यांवर भट्ट्या मांडल्या गेल्या, गराडूचे काप तेलात पडले, भुट्ट्याचा कीस परतला जाऊ लागला. खाणाऱ्यांची वर्दळ रात्रभर असल्यामुळे पेढ्यांना राखणही आयतीच होते, असे एका सराफाने आम्हांस सांगितले आणि कुलूप ओढून पाहून तो घरी गेला. आम्ही पानाचा द्रोण हाती घेऊन वाड्याच्या बाजूने परत निघालो, तेव्हा बागेच्या कठड्यावर मुले बसली होती आणि कोठल्याशा क्रिकेट सामन्याचा निकाल लागण्याची वाट पाहत होती. भारत जिंकला तर मिरवणूक येथूनच निघणार होती.