चोरीची गाडी, कोंडवाडा आणि सोडवणुकीचा खर्च

गाडी चोरीला जाते. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या शहरात रस्त्याकडेला बेवारस सापडते. टोइंगचा ट्रक, आवारात उभी राहिल्याचं भाडं असा हिशोब होतो आणि पावती येते मालकाच्या नावावर. 'चोरी माझी झाली आणि पैसेही मीच भरायचे?' चीड रास्त आहे, पण तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचं ते असं : मालकाचा दोष नसतानाही सोडवणुकीचा खर्च त्याच्याकडून घ्यायची पद्धत कायद्यात कुठून आली?

आपल्याकडे याचं उत्तर शोधायला मोटारींच्या मागे जावं लागतं, थेट गुरांपर्यंत. १८७१ चा कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट, म्हणजे गावोगावच्या कोंडवाड्यांमागचा कायदा, एकदा मुळातून वाचाच. शेतात शिरून नुकसान करणारी गुरं शेतकऱ्याने धरायची आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची. मूळ तक्त्यात दंड ठरलेला होता : हत्तीला २ रुपये, म्हशीला ८ आणे, गाय-बैलाला ४ आणे, शेळी-मेंढीला १ आणा. वर चारापाण्याचा खर्च. गंमत म्हणजे हा दंड पीक गमावलेल्याच्या हातात पडत नसे. तो जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे जमा व्हायचा. शेतकऱ्याला भरपाई हवी असेल तर वेगळा दावा लावायची मोकळीक होती.

आता कलम १३ बघा. मालक आला, दंड आणि खर्च भरला, की जनावर त्याच्या ताब्यात द्यायचं. गुरं मालकाच्या निष्काळजीपणामुळे शिरली, की चोराने रात्री हाकलत नेऊन तिथे सोडली, याची चौकशी इथे कुठेच नाही. खर्च जनावराला चिकटलेला. जो ते सोडवायला येईल त्याने तो फेडायचा. कलम २० आणि २२ मध्ये दाद मागता येते खरी. १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार, आणि पकडणं बेकायदा ठरलं तर भरलेला दंड, झालेला खर्च आणि १०० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई. पण ही दाद गुरं बेकायदा पकडल्याबद्दलची आहे. चोरलेली गाय खरोखरच कोणाच्या ज्वारीत शिरली असेल, तर तिला पकडणं कायदेशीरच. मग मालकाला काय मिळालं? गाय. आणि पावती.

हीच गोष्ट खासगी माणसाने केली तर काय होतं, हे ताडून बघायला इंग्लंडमधला १७९३ चा निकोल्सन विरुद्ध चॅपमन हा खटला घ्या. थेम्स नदीत बांधून ठेवलेलं लाकूड सुटून वाहत गेलं आणि ओहोटीला काठावर अडकलं. एकाने ते उचलून सुरक्षित जागी नेलं आणि पैसे दिल्याशिवाय देणार नाही म्हणाला. न्यायालयाने सांगितलं, अडवून धरायचा हक्क तुला नाही. मुख्य न्यायाधीश आयर यांची एक भीती माझ्या मते फार महत्त्वाची आहे : असा हक्क दिला तर लोक मुद्दाम दोर सोडतील आणि मग 'सापडलं' म्हणून पैसे मागतील. थोडक्यात, सोडवणुकीच्या पैशातून चोरीलाच धंदा मिळेल.

ही भीती १८७१ च्या कायद्यातही दिसते, पण तिथे ती मागच्या दाराने येते. कलम १९ म्हणतं की पोलीस अंमलदाराने किंवा कोंडवाड्याच्या रखवालदाराने लिलावातली गुरं प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विकत घ्यायची नाहीत. मनाईचं कलम दिसलं की थांबायचं, ही सवय लावून घ्या. कायदा करणाऱ्याच्या डोक्यात कसली शंका होती ते त्यातून कळतं. तसं प्रत्यक्षात किती घडत होतं हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही; मुलाखतीत इथे बरेच जण घसरतात.

गाड्यांच्या बाबतीत लोक २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. मुद्देमालाच्या गाड्या पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं सडत ठेवू नका, जामीनकतबा आणि तारण घेऊन लवकर सोडा, असं त्यात आहे. मालकाच्या दृष्टीने ते मोठंच काम. पण टोइंगचा बोजा कोणाचा, हा त्या न्यायालयासमोरचा प्रश्न नव्हता, तेव्हा त्याचं उत्तर तिथून ओढूनताणून काढू नका.

ज्यांना यावर प्रस्ताव लिहायचा असेल त्यांनी कलम ८ पासून सुरुवात करावी. रखवालदाराने नोंदवहीत गुरांची संख्या आणि वर्णन, आणल्याचा दिवस आणि तास, पकडणाऱ्याचं नाव-गाव लिहायचं, आणि मालकाचंही, पण ते माहीत असेल तरच. ७ दिवसांत कोणी आलं नाही तर कलम १४ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. म्हणजे एकाच गायीची नोंद दोन ठिकाणी होऊ शकते : कोंडवाड्यात बेवारस म्हणून, आणि ठाण्यात कोणाची तरी चोरीला गेलेली म्हणून. एखाद्या तालुक्याचे हे दोन्ही कागद हाती लागले, तर वर्णनं आणि तारखा शेजारी ठेवून जुळवायला बसा.