धुळीवरील आरोप

वाळवंट माणसाने घडविले की निसर्गाने, हा प्रश्न आपण सहसा इतिहासकारांवर सोपवतो. थरच्या वाळवंटाबाबत मात्र तो एका हवामानशास्त्रज्ञाने हाती घेतला, आणि त्याने साक्षीला उभी केली ती हवेत तरंगणारी धूळ.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रीड ब्रायसन यांना एक विसंगती खटकत होती. पावसाळ्यात राजस्थानवरील हवेत बाष्प पुरेसे असते. तरीही पाऊस तुटपुंजाच पडतो. १९६७ साली पुरातत्त्वज्ञ डेव्हिड बॅरेइस यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी याचे उत्तर मांडले. अतिचराईने माती उघडी पडते, वारा ती धूळ उंच नेतो, धूळभरली हवा आपली उष्णता गमावून खाली बसू लागते, आणि खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. पाऊस घटला की गवत घटते, गवत घटले की धूळ वाढते. या साखळीला त्यांनी सिंधू संस्कृतीच्या इतिहासाचीही जोड दिली. उपाय साधा होता : गवत लावा, माती धरून ठेवा.

या मांडणीची मोहिनी आपण साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ओळखायला हवी. तीत शोकांतिकेचा पूर्ण घाट आहे : अपराध, अपराधी आणि पिढ्यानपिढ्यांची शिक्षा. अपराधी ठरतो तो शेळ्यामेंढ्या चारणारा माणूस. म्हणूनच ती तपासणे केवळ शास्त्रीय कुतूहलाचे काम उरत नाही.

पहिला धक्का जमिनीतून आला. बिकानेरजवळील लूणकरणसर सरोवराच्या गाळाचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. हे सरोवर हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीपूर्वी सुमारे एक हजार वर्षे आटले होते, असे त्यातून दिसले. म्हणजे ती नगरे कोरड्या काळातच वाढली. त्यांच्या उदयास्ताची कथा एका पावसावर बेतता येत नाही.

दुसरा धक्का आकाशातून आला. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदी व संगणकीय प्रारूपे, म्हणजे ज्यांना आपण सर्रास मॉडेल म्हणतो ती, एकत्र वापरून २०१४ साली दाखविले, की अरबी समुद्र व पश्चिम आशियावरील धूळ सूर्यप्रकाश शोषून हवा तापवते, त्यामुळे भारताकडे येणारे बाष्पयुक्त वारे बळावतात आणि आठवडाभरात मध्य भारतातील पाऊस वाढतो. धूळ इथे पावसाची वैरीण नाही, दूती आहे. अर्थात ही धूळ दुसऱ्या प्रदेशावरची आणि हा हिशेब दिवसांचा आहे, शतकांचा नव्हे. तेवढ्याने ब्रायसन सर्वस्वी खोटे ठरत नाहीत. परंतु धूळ म्हणजे दुष्काळ, हे सरळ समीकरण मात्र मोडते.

एकाच पदार्थाची अशी परस्परविरुद्ध रूपे का दिसावीत? उत्तर कणात आहे. बारीक कण सूर्यप्रकाश विखरून जमीन थंड करतात. जाडे कण तो अधिक शोषतात आणि जमिनीतून निघणारी उष्णताही अडवतात. लोहाचे तांबडे खनिज मिसळले की शोषण वाढते. कणांवरून प्रकाश कसा विखुरतो याचे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ साली दिले, पण ते गोलाकार कणांचे. वाळवंटातील कण ओबडधोबड असतो. वातावरणातील जाडी धूळ प्रारूपांत धरली जाते त्याच्या सुमारे चौपट आहे, असा अंदाज अदेबियी व कोक यांनी २०२० साली मांडला. २०२२ साली अंतराळस्थानकावर बसविलेले नासाचे ‘एमिट’ हे उपकरण वाळवंटांच्या मातीतील खनिजे नोंदवू लागले, ते याच उणिवेमुळे. एकूण पृथ्वीला धूळ थोडीशी थंडच करत असावी, असा अलीकडचा कल आहे. पण ती तापवत असण्याची शक्यताही शास्त्रज्ञांनी खोडून काढलेली नाही.

आम्हाला वाटते, प्रारूपाचे वाचनही आपण कथनाच्या वाचनासारखेच करावे. निवेदकाने काय गृहीत धरले, कोणता कण मोजला, कोणता वगळला, हे आधी विचारावे. ब्रायसन यांनी प्रश्न मोलाचा विचारला होता. गवत लावण्याचा त्यांचा सल्लाही माती राखण्यासाठी आज तितकाच उपयुक्त आहे. त्यासाठी मेंढपाळाला संस्कृतिसंहाराचा आरोपी करण्याची मात्र गरज नव्हती.