यंत्रमागाचा गोंगाट आणि श्रवणऱ्हास

यंत्रमागाच्या सततच्या आवाजामुळे विणकरांना येणारा कायमचा बहिरेपणा. तो बहुधा दोन्ही कानांत सारखाच असतो, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि दुखत नाही. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच व्हेनिसच्या तांबटांचे बहिरेपण नोंदवले होते. पुढे लँकेशरच्या कापडगिरण्यांत विणकर एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत. महाराष्ट्रात इचलकरंजीला विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. आज इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील शेडमध्ये कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणे पोहोचत नाही.

धोट्याच्या मागात धोटा दर फेरीला जोराने फेकला जातो आणि पलीकडे आदळून थांबतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा होणारे हे आघात, शेजारी खेटून लावलेले माग आणि आवाज परतवणारे पत्र्याचे छप्पर यांमुळे शेडमधील पातळी ९५ ते १०० डेसिबलपर्यंत, कधी त्याहूनही वर जाते. अंतर्कर्णातील केशपेशी आधी थकतात. पाळी सुटल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात, गुणगुणतात आणि विश्रांतीनंतर मोकळे होतात. हे रोज घडू लागले की काही पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ऱ्हास प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपास दिसतो. स, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या कंप्रतांवर अवलंबून असल्याने ती आधी निसटतात. आवाज ऐकू येतो, पण ‘सात’ की ‘साफ’ हे कळत नाही. गर्दीत हे अधिक जाणवते. घरच्यांना मात्र माणूस लक्ष देत नाही असे वाटते, आणि हा गैरसमज बहिरेपणाइतकाच त्रासदायक असतो.

भारतातील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. दर ५ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला केवळ दोन तास. यंत्रमागाची पाळी मात्र अनेक ठिकाणी बारा तासांची असते. त्याच हिशेबाने बारा तासांची मर्यादा सुमारे ८७ डेसिबलवर येते, शिवाय कानाला विसावा घ्यायला उरणारे तासही घटतात. मर्यादेची चर्चा पाळीच्या लांबीपासून तोडून करणे म्हणूनच चुकीचे आहे.

मुख्य उपाय यंत्रावरच करायला हवा: झिजलेले भाग बदलणे, मागाखाली कंपशोषक गाद्या घालणे, शक्य तेथे बिनधोट्याचे माग आणणे. कानातील बोळे उपयोगी खरे, पण उकाड्यात ते थोडा वेळ जरी काढून ठेवले तरी त्यांचा बराचसा लाभ जातो.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हा विकार अधिसूचनीय रोग म्हणून नोंदवला होता. तोवर लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ नुसार त्यासाठी भरपाईही मागता येत असे. मात्र लहान शेड कामगारसंख्येच्या अटीमुळे कारखान्यांच्या कायद्याबाहेर राहतात. भरपाईच्या दाव्यासाठी रुजू होतानाची श्रवणचाचणी मोलाची असते. तो पहिला आलेख नसेल, तर कानाचे किती नुकसान मागावर झाले आणि किती वयाने, हे सिद्ध करणे अवघड होते.