वीज घाऊक घेतली तर

मे महिन्यात सोलापुरात वीजबिल हा घरातला सगळ्यात नावडता कागद असतो. पारा बेचाळीसच्या वर, कूलर रात्रभर चालू, आणि महिनाअखेरीला त्याचा हिशेब हातात. या वर्षी कुणीतरी आपल्या बिलाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्याखाली तळमजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "आपण पन्नास घरं आहोत. गहू घाऊक घेतला की स्वस्त पडतो, मग वीज का नाही? तू इंजिनिअर आहेस, बघ जरा."

मी सॉफ्टवेअरवाला. विजेशी माझा संबंध लॅपटॉपच्या चार्जरपुरता. पण काकांना हे सांगून उपयोग नसतो. त्यात त्याच आठवड्यात इंग्लंडला गेलेला मित्र फोनवर म्हणाला, "काय बे, तुमच्याकडं अजून एकच दुकान का?" तिकडे १९९९ पासून घरगुती ग्राहक वीजकंपनी बदलू शकतात. २०१२ साली 'विच?' या ग्राहकसंघटनेने 'बिग स्विच' नावाची मोहीम काढली. पावणेतीन लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली, आणि एवढी गिऱ्हाइकं एकदम मिळणार म्हणून कंपन्यांना उलटा लिलाव लावला: सगळ्यात कमी दर कोण देतो? म्हणजे काकांची कल्पना जगात कुणीतरी वापरून झाली होती. मला वाटलं, आपल्याकडे असं काही झालंच नसेल. शोधायला बसलो, तर आपण त्यांच्या चाळीस वर्षं आधीच सुरुवात केली होती.

१९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या महासंघाच्या मदतीनं भारतात पाच ठिकाणी एक प्रयोग ठरला. गावकऱ्यांची सहकारी संस्था काढायची, तिनं राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज विकत घ्यायची आणि आपल्या सभासदांना वाटायची. तारा संस्थेच्या, मीटर संस्थेचे, बिल संस्थेचं. उत्तर प्रदेशात लखनौ, गुजरातमध्ये कोडिनार, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातलं हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि महाराष्ट्रात नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा.

सिरसिल्ला हे नाव वाचून मी थबकलो. सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्याला ते परकं नाही. इथली कितीतरी पद्मशाली विणकर कुटुंबं तेलंगणातून आलेली, आणि सिरसिल्लाही मागांचंच गाव. इकडे आपण चादरी आणि टॉवेल विणत होतो, तिकडे त्यांनी स्वतःची वीजसंस्था चालवली. ती आजही चालू आहे, हुक्केरीचीही चालू आहे. आपली मात्र राहिली नाही.

मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्था १९६९ साली नोंदली गेली. जागा अगदी विचारपूर्वक निवडलेली: प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना १९५० पासून धुराडं पेटवून होता, लोकांना भागभांडवल, सभासद, वार्षिक सभा हे शब्द तोंडपाठ होते. श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि आसपासच्या तालुक्यांतली दीडशेहून अधिक गावं या संस्थेकडून वीज घेऊ लागली. त्या काळात मंडळाची तार वस्तीपर्यंत कधी येईल याचा भरवसा नसायचा. इथे तक्रार घेऊन जायचं तर ऑफिस तालुक्यात आणि संचालक ओळखीचा. या गोष्टीचं मोल आपल्याला आज कळणार नाही, आपण ॲपवर तक्रार नोंदवून झोपणारी पिढी.

अडचण गणितात होती. महाराष्ट्रात शेतीपंपाला वीज खर्चापेक्षा स्वस्त दिली जाते. बऱ्याच पंपांना मीटरच नव्हते, हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी. ही तूट मंडळ कशातून भरायचं? कारखाने, दुकानं आणि जास्त वीज वापरणारी शहरी घरं जादा दर देतात, त्यातून. मंडळाकडे मुंबईची काही उपनगरं होती, पुणं होतं, आपलं सोलापूर होतं. मुळा-प्रवरेकडे ऊस होता आणि उसाला पाणी देणारे पंप. स्वस्त वीज घेणारे सगळे आत, जादा पैसे देणारे जवळपास सगळे कुंपणाबाहेर. मग संस्थेनं घाऊक वीज नेमकी कोणत्या दरानं घ्यायची, यावर वाद सुरू झाला तो संपेचना. आंध्रात नियामक आयोगानं अशा संस्थांसाठी वेगळा, कमी घाऊक दर ठेवला होता. इथे थकबाकी साचत गेली. संस्थेच्या कारभारावर आणि वसुलीवरही आरोप झाले, आणि नगर जिल्ह्यातल्या सहकारात राजकारण नव्हतं असं मीही म्हणणार नाही. पण कारभार चोख असता तरी हे गणित बसलं असतं का, मला शंका आहे.

२००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. संस्थेकडून आपल्याला दोन हजार कोटींच्या वर येणं आहे, असं ती सांगत होती. ३१ जानेवारी २०११ ला मुळा-प्रवरेचा परवाना संपला आणि दुसऱ्या दिवसापासून तिथली वीज महावितरणची झाली. ग्राहकांनी कंपनी बदलली खरी, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

स्वतःहून कंपनी बदलण्याची संधी महाराष्ट्रात मिळाली ती मुंबईच्या उपनगरांना. तिथे टाटा आणि रिलायन्स (आधीची बीएसईएस, आताची अदानी) असे दोन परवानाधारक एकाच भागात होते. टाटांनी किरकोळ घरगुती ग्राहकांना वीज विकायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २००८ मध्ये निकाल टाटांच्या बाजूनं लागला. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं पद्धत घालून दिली: तार रिलायन्सचीच राहील, तिच्या वापराचं भाडं द्यायचं आणि वीज टाटांची घ्यायची. टाटांचा दर तेव्हा बराच कमी होता. लोकांनी अर्ज भरले, लाखोंनी गेले.

आणि तिथेही तोच प्रश्न उभा राहिला. जास्त वीज वापरणारे, म्हणजे जादा दर देणारे ग्राहक आधी निघून गेले, मग मागे राहिलेल्या चाळीतल्या घराची सवलत कुणाच्या पैशातून द्यायची? २०११ मध्ये कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस-सबसिडी अधिभार लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगानं सांगितलं की वर्षभर टाटांनी या मार्गानं फक्त ३०० युनिटपर्यंत वापर असलेली घरंच घ्यावीत. दरातला फरक कमी झाला. पुढे तुलना उलटसुलट होत राहिली, तसे काही ग्राहक परतही आले.

हे वाचल्यावर मी इंग्लंडच्या मित्राला पुन्हा फोन लावला. २०२१ मध्ये गॅस महागला तेव्हा तिथल्या तीसच्या आसपास वीज-गॅस कंपन्या बुडाल्या होत्या, आणि त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला गेला. "हो, आमच्याही बिलात आला," तो म्हणाला. 'दुकान' हा शब्द यावेळी त्यानं काढला नाही.

सोलापूरला वीज कमी नाही. फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली तेव्हा दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. देश जोडणारी तार आपल्या गावाशी येते, पण घरातल्या मीटरला पर्याय एकच. मोठ्या कारखान्याला बाहेरून वीज घेता येते, हरित वीज २०२२च्या नियमांनंतर १०० किलोवॉटवाल्यालाही. आपली पन्नास घरं मिळून तेवढी होतीलही, पण कायद्याच्या लेखी ती पन्नास वेगळे ग्राहक आहेत. मुंबई महानगरातल्या महावितरणच्या भागात समांतर परवान्यासाठी अदानींनी अर्ज केला, त्याविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. त्यांचा मुद्दा तोच होता: पैसे देणारी गिऱ्हाइकं गेली तर शेतकऱ्याच्या पंपाचं काय? त्यांच्या नोकऱ्यांची काळजी त्यात होतीच, पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

हे सगळं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, थोडक्यात. सोसायटीला एकाच मीटरवर घाऊक वीज घेऊन आत वाटण्याची सोय कायद्यात आहे, हेही सांगितलं. कंपनी तीच राहील, बिल मात्र सोसायटी देईल. सेक्रेटरींनी लगेच विचारलं, "आणि एखाद्यानं चार महिने भरलं नाही तर? आख्ख्या बिल्डिंगची वीज जायची. मेंटेनन्स वसूल करताना माझे हाल बघता ना?" कुणी काही बोललं नाही. दोघं-तिघं मोबाइलकडे बघत होते, त्यातल्या एकाचा मेंटेनन्स दिवाळीपासून बाकी आहे.

शेवटी ठरलं ते गच्चीवरच्या सोलरचं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतील, घरचं बिल आहे तेवढंच येईल. काकांना हे फारसं पटलेलं नाही. ते तळमजल्यावर राहतात, लिफ्ट वापरत नाहीत. त्यांनी वर्गणीचा आकडा विचारला आणि म्हणाले, आधी तीन कोटेशन मागव, मग बघू.