सही झाली, तपासणी राहिली

३१ मे २०१४ ची रात्र. अमेरिकेत बोस्टनजवळ बेडफर्डच्या धावपट्टीवर एक खासगी गल्फस्ट्रीम जेट धावलं, पण उडालंच नाही. पुढच्या घळीत जाऊन पेटलं. सातही जण गेले. उभ्या विमानाचे नियंत्रक वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं गस्ट लॉक काढलंच नव्हतं!

चौकशीत कळलं, याच दोन वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा नियंत्रकांची पूर्ण तपासणी केली नव्हती. सुरक्षेचं प्रमाणपत्र मात्र होतं. नोंदी यंत्रात पडून होत्या, अपघातानंतर उघडल्या.

बातमीदारीत मी सुबक भरलेली रजिस्टरं खूप पाहिलीत. सेफ्टी कोऑर्डिनेटर फायली लावायला नसतो मंडळी. नोंदी वेळेत उघडून "आज विमान जाणार नाही" हे मालकाला तोंडावर सांगायला असतो.